प्रगतीचा रकाना

शाळेत निकालाचे कागद लोखंडी कपाटात जातात. किस्से कुठेच जात नाहीत, ते स्टाफरूममध्येच राहतात. मधल्या सुट्टीत डबा उघडला की कुणीतरी म्हणतं, "त्या वर्षी काय झालं होतं माहितीये ना?" आणि जुनाच किस्सा पुन्हा गरम होऊन पानात येतो. मी मूळची लांज्याची. दादरा-नगर हवेलीत, सिल्वासातल्या एका सरकारी मराठी शाळेत चौथीला शिकवते. इथे इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे बरेच किस्से साठलेत. पण निकालपत्रकात तो नवीन रकाना आला, त्यानंतरच्या दोन वर्षांत जेवढे जमले तेवढे त्याआधी कधी जमले नव्हते.

तो रकाना होता 'प्रगती'चा. आधी आम्ही मुलाला मार्चमध्ये किती मार्क पडले एवढंच लिहायचो. आता जूनमध्ये एक चाचणी घ्यायची, तशीच मार्चमध्ये घ्यायची, आणि मधल्या काळात मूल किती पुढे सरकलं ते मार्कांच्या शेजारी लिहायचं.

आमचे मुख्याध्यापक सावंत सर शांत माणूस. त्यांनी मीटिंगमध्ये हे समजावून सांगितलं आणि काही शंका आहेत का, असं विचारलं. पाचवीचे देसले सर उभे राहिले. देसले सर धुळ्याकडचे. गणित पक्कं, इस्त्री पक्की, मराठी तर पुस्तकातल्यासारखं. ते म्हणाले, "सर, ज्याला जूनमध्येच पन्नासपैकी पन्नास आहेत, त्याने पुढे सरकायचं कुठे?"

सावंत सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चहा मागवला. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

*

तो प्रश्न मार्चमध्ये माझ्याच टेबलावर येऊन पडला. माझ्या वर्गातली अदिती. जूनमध्ये पन्नास, मार्चमध्ये पन्नास. मी नियमाप्रमाणे लिहिलं, प्रगती शून्य.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील हजर. जवळच्याच सायली गावातल्या एका प्लास्टिक कंपनीत सुपरवायझर. त्यांनी निकालपत्रक टेबलावर ठेवलं आणि त्या शून्यावर बोट ठेवून उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण बोटही उचललं नाही. घरी आई रडतेय, शेजारी विचारतायत, मुलगी जेवली नाही, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना हिशोब समजावला. त्यांना तो समजला, पण पटला नाही. खरं तर मलाही पटला नव्हता.

देसले सर मागे वह्या तपासत होते. ते उठले, कपाटातून सहावीचा पेपर काढला आणि अदितीला बोलवायला सांगितलं. तिने तो सोडवला, दोनच चुकले. मग सातवीचा दिला. त्यात मात्र ती अडकली. अर्ध्याहून जास्त चुकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं काही चुकत होतं.

देसले सरांनी वडिलांना तो पेपर दाखवला आणि म्हणाले, "मुलगी थांबली नव्हती. आमचा पेपर संपला होता."

वडील पेपर घडी करून खिशात घालून गेले. आम्ही सुटलो असं वाटलं. पण सोमवारी अदिती स्टाफरूमच्या दारात उभी. डोळे कोरडे. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, "ज्याच्यात चुकतं तो पेपर अजून आहे का?"

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही, पण बाकीचे सांगतातच, मग मीच सांगितलेला बरा.

पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये वर्गवार प्रगती वाचून दाखवली गेली. त्यात माझा वर्ग सगळ्यात खाली होता. मला दोन दिवस डबा गोड लागला नाही. पुढच्या जूनमध्ये नवीन चौथी आली. चाचणीच्या दिवशी मी मुलांना म्हटलं, येत नसेल तर विचार करत बसू नका, सोडून द्या. आणि चाळीस मिनिटांचा पेपर पंचवीस मिनिटांत गोळा केला. जून जितका कमी, तितका मार्च जास्त दिसणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑगस्टमध्ये शिक्षण खात्यातून एक मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी जूनचे पेपर चाळले आणि त्यातलीच गणितं फळ्यावर घातली. पोरांनी ती पटापट सोडवली. मॅडमनी रितू नावाच्या मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं की, हे तर तुला येतंय, मग जूनमध्ये का सोडलंस?

रितू हसून म्हणाली, "जूनमध्ये कमी लिहायचं, मार्चमध्ये सगळं लिहायचं. मग बाईंची प्रगती होते."

मी असं शब्दांत कधीच सांगितलं नव्हतं. पण मुलांना न सांगितलेलंच आधी ऐकू येतं. माझे कान असे तापले की वरचा पंखा चालू आहे की बंद ते कळेना. मॅडम रागावल्या नाहीत. चाचणी पुन्हा, नीट घ्या, एवढंच म्हणाल्या. जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं, किती वर्षं शिकवताय? मी म्हटलं, सोळा.

"मग त्या सोळा वर्षांवर थोडा भरवसा ठेवा की."

चाचणी मी दुसऱ्याच दिवशी घेतली. पेपर घ्यायला हात पुढे केला तेव्हा घड्याळात पंचेचाळीस मिनिटं झाली होती.

*

दिवाळीआधी पालकसभा झाली. आमचे पालक म्हणजे बहुतेक कंपनीत काम करणारे. कुणी धुळ्याचे, कुणी नंदुरबारचे, थोडे पालघरकडचे. सावंत सर प्रगतीचा रकाना समजावत होते आणि समोरच्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न होता, पास की नापास?

शेवटी मागून खडोलीच्या धाग्याच्या कंपनीतला एक ऑपरेटर उठला आणि मी सांगू का म्हणाला. सरांनी आनंदाने खुर्ची सोडली.

तो म्हणाला, "हे पाहा, सायलीहून सिल्वासाला आला तो पण सिल्वासात उभा. आणि पार तिकडं धुळ्याच्या साक्रीहून आला तो पण सिल्वासातच उभा. मार्क म्हणजे दोघं कुठं उभे आहेत ते. आणि हा रकाना म्हणजे कोण किती चालून आला ते."

सभेतल्या अर्ध्या माना एकदम हलल्या. कारण अर्धी सभा साक्रीकडूनच आली होती. सावंत सर अर्धा तास जे सांगत होते ते दोन मिनिटांत झालं.

पहिल्या रांगेत एक आजी बसली होती. नातीला घेऊन आली होती. तिने हात वर करून शांतपणे विचारलं, "आणि पाय कोणाचे दुखले ते कुठं लिहिता?"

सरांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. तसा रकाना नव्हता.

*

देसले सरांचा या रकान्याला असलेला विरोध कसा गेला, तो किस्सा नंदाचा.

नंदा त्याच वर्षीच्या जूनमध्ये साक्रीहून नवीन आली आणि देसले सरांच्या पाचवीत बसली. आई-वडील दोघंही कंपनीत. चाचणीत दहा शब्दांचं श्रुतलेखन होतं आणि दहाही शब्द 'ळ'चे होते. नंदाने लिहिलं, शाया, फया, बाय, कमय, डोया. दहापैकी शून्य.

पाचवीचे मराठीचे पेपर तपासायला माझ्याकडे होते. मी शून्य देऊन गठ्ठा सरांकडे सरकवला. सर तो कागद बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हिने दहा चुका केलेल्या नाहीत, एकच चूक दहा वेळा केलीय. आमच्याकडे अहिराणीत 'ळ'चा 'य'च होतो.

आमच्याकडे, असं ते म्हणाले. इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. मग त्यांनी सांगितलं की, कॉलेजात पहिल्या दिवशी त्यांनी 'शाया' म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर खोलीचं दार लावून ते 'ळ' घोकत होते. त्यांचं पुस्तकी मराठी आम्हाला शिष्टपणाचं वाटायचं. ते असं आलं होतं.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर सर नंदाला रोज पंधरा मिनिटं बसवायचे. तिच्याशी अहिराणीत बोलायचे आणि तिच्याकडून 'ळ' म्हणून घ्यायचे. त्यांचा तो दुसरा आवाज व्हरांड्यात ऐकून आम्ही मुद्दाम हळू चालायचो.

दिवाळीच्या परीक्षेत 'माझे कुटुंब' असा निबंध आला. नंदाने लिहिलं, 'माझी माळ कंपनीत काम करते. आमची गाळ गावाला आहे. गाळीला चार पाळ असतात.'

'ळ' आला होता. फक्त तो मिळेल त्या 'य'च्या जागी जाऊन बसला होता. माझ्या लाल पेनाखाली मार्क पुन्हा तेवढेच पडले. जूनमध्ये जितके, दिवाळीत तितके. त्या वर्षी तो रकाना दिवाळीतही भरायचा होता, म्हणून मी प्रगतीत शून्य लिहिलं.

देसले सर तो कागद घेऊन तडक सावंत सरांकडे गेले. आम्ही पाठोपाठ दारात. जून ते दिवाळी एकदाही न चिडलेला माणूस त्या दिवशी चिडला होता.

"जूनमध्ये हिच्याकडे एकही 'ळ' नव्हता. आता गरजेपेक्षा जास्त आहेत. आणि बाई म्हणतात, काही फरक नाही?"

सावंत सरांनी निबंध वाचला. 'गाळीला चार पाळ' वर ते थांबले, ओठ दाबले, पण हसले नाहीत. त्यांनी माझं शून्य खोडून तिथे सही केली आणि किती लिहायचं ते देसले सरांवर सोडलं.

सरांनी आकडा लिहिलाच नाही. 'मुलगी वाटेत आहे' असं लिहिलं. शिक्षण खात्याच्या ऑफिसातून तो फॉर्म परत आला, आकडा टाका म्हणून. सरांनी तोच फॉर्म तसाच परत पाठवला.

*

शेवटचा वैशालीचा. वैशाली माझ्या त्याच चौथीतली, रितूच्याच बाकावर बसायची. मार्चमध्ये रकाने भरायला बसले तेव्हा तिचं वाचन वर गेलं होतं, गणित वर गेलं होतं आणि वहीकाम खाली आलं होतं. अख्ख्या शाळेत खाली आलेली ती एकटीच. आणि प्रगती खाली आली की कारण लिहून द्यावं लागतं.

मी तिची जूनची आणि मार्चची गृहपाठाची वही शेजारी शेजारी ठेवली. जूनचं अक्षर मोत्यासारखं. मार्चचं ओळ सोडून चढलेलं, काने गायब, वेलांट्या उलट्या. कित्येक महिने मी समासात लिहीत आले होते, 'अक्षर सुधार', 'घाई नको', 'लक्ष कुठे असतं?' डोळे बिघडलेत की काय म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवून फळा वाचायला लावला. घडाघडा वाचला. वर्गात लिहायला लावलं. पुन्हा मोती. म्हणजे घरी वही दुसरंच कुणीतरी लिहीत होतं. मी विचारलं, तर वैशालीने मान खाली घातली. मग तिच्या आईला बोलावलं.

संगीताताई खडोलीच्या एका कंपनीत पॅकिंगला. शिफ्ट सुटली तशाच आल्या, ओळखपत्र गळ्यात. मी वह्या पुढे ठेवल्या आणि जरा कडक आवाजातच विचारलं, हा गृहपाठ कोण करतं?

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी करते, बाई."

मला वाटलं, लाडाने करून देतात. तेच बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वैशालीच म्हणाली की, तिचा गृहपाठ ती फरशीवर खडूने करते, मग आईला सांगते आणि आई वहीत लिहिते. दिवाळीपासून असंच चाललंय.

संगीताताईंनी सांगितलं की, नवापूरकडे त्या दुसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या. मग आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाणं सुरू झालं आणि शाळा राहिली. मी विचारलं, मग वेगळी वही का नाही केली? मुलीचे मार्क गेले ना.

त्या म्हणाल्या, "वेगळ्या वहीत लिहिलं तर तपासणार कोण?"

त्यांनी वही उघडून माझ्या एका शेऱ्यावर बोट ठेवलं. 'लक्ष कुठे असतं?' हे वाचायला त्यांना दोन दिवस लागले होते, असं त्यांनी सांगितलं. 'क्ष' त्यांना माहीत नव्हता. कंपनीत बाजूच्या बाईला विचारला.

मी खुर्ची त्यांच्या बाजूला घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. हा काना राहिला, ही वेलांटी अशी. त्या प्रत्येक चुकीला मान डोलवत होत्या. शिपाईबाई वर्ग बंद करायला येऊन परत गेल्या. वही संपल्यावर संगीताताईंनी ती छातीशी धरली आणि विचारलं, "दुसरीत सोडली होती. आता कितवीपर्यंत आले असेन?"

मला अंदाजाने सांगता आलं असतं. पण मी कपाट उघडलं, एक कोरी चाचणी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्या चौथीच्या बाकावर बसल्या. गुडघे मावेनात, म्हणून तिरक्या बसल्या. ओळखपत्र काढून बाजूला ठेवलं, पेन्सिलचं टोक बघितलं, नाव लिहिलं.

वैशाली हळूच जाऊन शेजारी टेकली. तशी संगीताताईंनी पेपरवर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "तू तिकडं बस."