घनगडावर काठीशिवाय

आमच्या दाराच्या मागे पाच महिने एक काठी पडून होती. घडीची, ॲल्युमिनियमची. पावसाळ्यात मी जिन्यावरून घसरलो. मोडलं काही नाही, पण डॉक्टर म्हणाले, उतरताना काठी धरा. मुलीने दुसऱ्याच दिवशी आणून दिली. मी काठीवरची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नाही. काठी घेतलेला माणूस पुन्हा काठी सोडत नाही, हे मी आमच्या गल्लीत पाहिलं आहे. आधी काठी, मग खुर्ची, मग खाट.

माझी बायको मंगल हिला मुळशीतला घनगड किल्ला बघायचा होता. पिरंगुटला येऊन आम्हाला छत्तीस वर्षं झाली. मी इथल्या एका कारखान्यात मशीनवर होतो. मूळचे आम्ही बार्शीकडचे, सातवीच्या पुढे शाळा नाही. मुळशीत एवढी वर्षं काढली, पण धरणाच्या पुढे कधी गेलो नव्हतो. मी म्हणालो, जाऊ. ती म्हणाली, "काठीशिवाय घनगड चढून उतरून दाखवा. मी स्वतः ती काठी पोरीला परत देते. नाहीतर उद्यापासून दूध आणायला काठी घेऊन जायचं." मी ताबडतोब हो म्हणालो आणि रात्रभर पस्तावलो.

दिवाळीनंतरचा थंडीचा महिना होता. आमच्या आळीतला दत्ता गाडी चालवतो, तो मुळशीतलाच. त्याची गाडी दिवसभरासाठी साडेतीन हजारांत ठरवली. एसटीने जायचं तर आधी पौडच्या स्टँडवर चौकशी करा, तिकडे गाड्या फार कमी आहेत. सकाळी सहाला निघालो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर गॅस बंद केला की नाही याची शंका आली म्हणून परत आलो. बंद होता. पुन्हा निघालो. दत्ता म्हणाला, "काका, नळबी बगून आलाय ना? आता भुकूमपतूर जाऊन माघारी फिराय नगं." भुकूम आमच्या घरापासून उलट्या बाजूला, पुण्याकडे आहे. तो मला चिडवत होता, हे मला पौड आल्यावर कळलं.

पौडला चहा आणि वडापाव घेतला. नंतर धड हॉटेल मिळेलच असं नाही, तेव्हा इथंच खाऊन घ्या, आणि बाकीचंही उरकून घ्या. पेट्रोलही इथंच भरा. पौडच्या पुढे रस्ता धरणाच्या कडेकडेने जातो. पाणी इतकं शांत होतं की पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा होता. मी मात्र रस्त्याच्या वळणांकडे बघत होतो. ताम्हिणी घाटात वळणावळणावर मी दत्ताला "हळू" म्हणत होतो आणि तो दर वेळी "व्हय काका" म्हणून त्याच वेगाने जात होता.

निवे गावाजवळून रस्ता उजवीकडे वळतो. तिथून पुढे वर्दळ नाही. पिंप्रीच्या अलीकडे-पलीकडे कुंडलिकेची दरी लागते. गाडीतून उतरलो आणि एकदम जमीन संपली. खाली इतकं खोल की झाडं शेवाळासारखी दिसतात. दोन्ही बाजूंनी सरळ कापलेले काळे कडे, आणि समोर धुक्यात कोकण. पावसाळ्यात इथे धबधब्यांसाठी गर्दी होते म्हणे, पण मी सांगतो, थंडीत या. उभं राहायला जागा मिळते आणि दरी तळापर्यंत दिसते. कडेला काही ठिकाणी कठडा आहे, काही ठिकाणी नाही. जिथे नाही तिथे मंगल उभी राहिली. मी मागून तिच्या पदराचं टोक धरलं.

"मी पडले तर पदर तेवढा तुमच्या हातात राहील," ती म्हणाली.

साडेनऊला भांबुर्ड्यावरून एकोले गावात पोचलो. गड या गावाच्या डोक्यावर आहे. फोनला रेंज नाही, रोख पैसे लागतात. जेवणाचं आधी सांगून ठेवावं लागतं. रस्त्यालगतच्या घरात सोनाबाई म्हणून साधारण पन्नाशीच्या बाई जेवण करून देतात. त्यांना पिठलं, तांदळाची भाकरी आणि ठेचा सांगितला. दत्ता गाडीत आडवा झाला. मी पाण्याच्या तीन बाटल्या, गोळ्या, बँडेज, बिस्किटं आणि टॉर्च आणला होता. सगळी पिशवी मंगलच्या खांद्यावर होती, कारण तिने ती मला घेऊच दिली नाही. "तुम्ही तुमचे गुडघे न्या," म्हणाली.

गावातून वाट दाट झाडीत शिरते. वीसेक मिनिटांत गारजाई देवीचं देऊळ येतं. आजूबाजूला एवढी जुनी झाडं आहेत की उन्हाचे ठिपके मोजता येतील. देवळाच्या पुढे चढ उभा होतो. कातळाला एक प्रचंड दगड टेकून उभा आहे, त्याच्या आत खोलीएवढी सावली. पुढे पडका दरवाजा, आणि मग जिची मला आठवडाभर धास्ती होती ती लोखंडी शिडी. पूर्वी या गडावर कैदी ठेवायचे असं म्हणतात. शिडीखाली उभं राहिल्यावर मला ते पटलं.

मंगल आधी चढली. मी प्रत्येक पायरीवर थांबत, खाली न बघता चढलो. वर आलो तेव्हा मला स्वतःचंच नवल वाटलं. वर फार काही बांधकाम नाही, जुनी जोती आणि पाण्याची टाकी. पण समोर तैलबैला! कातळाच्या दोन सरळ भिंती, जणू कुणी डोंगर मधोमध चिरून अर्धा उचलून नेला. पिवळं गवत वाऱ्याने एका अंगावर पडत होतं. आम्ही बिस्किटं खाल्ली. अर्धा तास मला कशाचीही काळजी वाटली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

चढणं सोपं असतं हे उतरताना कळतं. शिडी कशीबशी उतरलो. त्यानंतर डावा गुडघा थरथरायला लागला. मंगल पुढे होती आणि मागे बघत नव्हती. देवळाजवळच्या झाडीत वाटेच्या कडेला एक वाळकी, सरळ, हातात बसेल अशी फांदी पडलेली दिसली. मी ती उचलली. म्हटलं, ही काही काठी नव्हे, लाकूड आहे. लाकूड धरून गावापर्यंत आलो, आणि सोनाबाईंच्या ओट्याला टेकवून जेवायला बसलो. मंगलने पाहिलं आणि ताट पुढे ओढलं.

भाकरी अर्धी झाली असेल. सोनाबाई पिठलं वाढायला आल्या आणि तिथेच थांबल्या.

"बाबा, ही कुटनं आणली?"

"वाटेवर पडली होती. देवळाजवळ."

"पडली हुती ती देवीचीच हाय की. त्या झाडीतलं काय बी भाईर आणत न्हाईत. माझी चूल पावसात विझती, पन तितली काटकी बी आणत न्हाई मी. आमच्या सासऱ्यांनीबी न्हाई आणली, त्यांच्या बानंबी न्हाई."

मी भाकरी ताटात ठेवली. विचारलं, "आता काय होईल?"

"काय हुयाचंय? तुमाला ठावं नव्हतं. जेवा. उद्या मी तिकडं जाते, ठिवीन माघारी."

हे ऐकून दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मला नाही. मी बाहेर आणलेलं लाकूड बाईंनी का वाहायचं? मला तर वाटलं, ती झाडी एवढी दाट राहिली कशी याचं उत्तरच मला पिठल्याबरोबर वाढलं होतं. शंभर वर्षं चुली विझल्या पण कुणी काटकी आणली नाही, आणि मी एका दुपारी गुडघ्यासाठी आणली. हात धुतले आणि उठलो.

"कुठं?" मंगलने विचारलं.

"ठेवून येतो."

"आणि उतरणार कशाने?"

मी फांदी उचलली आणि वाटेला लागलो. ती पिशवी घेऊन माझ्यामागे निघाली. वीस मिनिटांची वाट चाळीस मिनिटांत चढलो. फांदी जिथून उचलली होती, त्या आंब्याच्या बुंध्याशी ठेवली. देवीला हात जोडले. मग उताराकडे तोंड करून नुसता उभा राहिलो. पाय पुढे पडेना. आयुष्यात पहिल्यांदा मी बायकोला म्हणालो, "मंगल, मला आधार लागेल."

तिने पिशवी खाली ठेवली. बाटल्या काढल्या, टॉर्च काढला, आणि तळातून ती घडीची काठी काढून खट खट उघडली. किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

"ही सकाळपासून तुझ्याकडे होती?"

"शिडीसुद्धा चढून आली."

"मग मघाशी का दिली नाहीस?"

"मागितलीत कुठं?"

मी हसलो, आणि हसताना काठी हातात घेतली. तिची मूठ गार होती आणि हाताला बरोबर बसली. उतरायला पंचवीस मिनिटं लागली. गुडघा दुखत होता, पण भीती वाटत नव्हती. सोनाबाई ओट्यावर वाट बघत उभ्या होत्या. काठीकडे बघून म्हणाल्या, "ही हाय व्हय दुकानातली? मग चालतीय." त्यांनी आम्हाला ताक दिलं आणि त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

अंधार पडायच्या आत पिरंगुटला आलो. गॅस बंदच होता.

जायचं असेल तर पावसाळ्यात शिडीच्या वाटेला जाऊ नका, कातळ निसरडा होतो. पाणी वर न्या. झाडीतून काही उचलू नका, पडलेलं पानही नाही. तैलबैला अजून डोळ्यांपुढे आहे, कुंडलिकेची दरी रोज एकदा तरी आठवते. पैज मी हरलो, पण हरलेल्या माणसाला जसं वाटतं तसं मला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रीने चिठ्ठी कापली आणि काठी घेऊन दूध आणायला गेलो. दूधवाल्याने काठीकडे पाहिलं. "काय हो आजोबा, परत पडलात की काय?"

"नाही," मी म्हणालो. "घनगडावर जाऊन आलो."