खोलीच्या वाट्याचा माणूस

कराडहून सकाळची पॅसेंजर सुटली तेव्हा माझ्या खिशात बावीस प्रश्नांची यादी होती. पाणी किती वेळ येते, संडास कुठे आहे, दिवे किती वेळा जातात, पोलीस चौकी किती लांब, असे प्रश्न. तीस वर्षे वर्तमानपत्रात काढली की माणूस घर बघायलाही यादी घेऊन निघतो.

पत्नी सुनंदा परिचारिका आहे. कराडच्या रुग्णालयातली एकवीस वर्षांची नोकरी सोडून तिने सांगलीत नदीकाठच्या एका वस्तीतल्या लहान दवाखान्यात जागा घेतली होती. जूनमध्ये रुजू व्हायचे होते. तिचे म्हणणे, राहायचे तर वस्तीतच. माझे म्हणणे, सांगलीच्या बऱ्या भागात फ्लॅट बघावा. कराडजवळच्या मलकापूरच्या आमच्या घरात तीन आठवडे हा विषय चालला. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या गावात जाऊन बातमी आणलीत. आता इथं जाऊन या. जे दिसेल ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी हा विषय काढणार नाही."

निर्णय असा माझ्याकडे आला. मनात तो जवळपास झालेलाच होता.

वस्तीचे नाव इथे देत नाही. पत्त्यात ते नाव दिसले की नोकरी मिळत नाही, ही तक्रार तिथे दोनदा ऐकली.

मे महिना होता. ताकारीपर्यंत डब्यात उसाच्या तुटलेल्या फडांवरून येणारी गरम हवा होती. समोर सुट्टीवर आलेला एक जवान बसला होता. त्याने विचारले, "सांगलीत कुठं?" मी वस्तीचे नाव सांगितले.

"कुणाला भेटायला?"

"राहायला जायचा विचार आहे."

त्याने बाकावरची आपली बॅग उचलून मांडीवर घेतली. भिलवडी मागे पडली. मग म्हणाला, "काका, तुमी शिकलेलं दिसताय म्हनून सांगतो. अजून एकदा इचार करा."

सांगली स्टेशनवरचा रिक्षावाला वस्तीच्या कोपऱ्यापर्यंतच आला. कोपऱ्यावर देशी दारूचे दुकान, त्याच्या पायरीवर दोन माणसे झोपलेली. वेळ सकाळी अकराची. तिथून आत जाणारी गल्ली दोन हात रुंद, मधून उघडे गटार, गटारावर ठिकठिकाणी फळ्या. तिसऱ्या फळीवर माझा तोल गेला आणि डावी चप्पल गटारात पडली.

"आवं पावणं, फळीच्या मधी पाय टाका, कडंला न्हाई!" एका बाईने काठीने चप्पल बाहेर काढली, तांब्याभर पाण्याने धुतली आणि माझ्यासमोर ठेवली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते. या हौसाक्का. मला दाखवायची खोली त्यांचीच. वय साठीच्या आसपास. सकाळी दहापर्यंत हळदीच्या वखारीत हळकुंडे निवडायची, मग घर, हा त्यांचा दिवस. हातांचा रंग धुऊन जात नाही. गल्लीतल्या बहुतेक बायकांचे हात तसेच होते.

खोली दहा बाय बारा, पत्र्याची, स्वच्छ. माझी यादी निघाली. पाणी बारा वाजता, तासभर. संडास गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक. भांडणे होतात का?

"रोज व्हत्यात," हौसाक्का म्हणाल्या. "आज अजून झालं न्हाई. थांबा जरा."

मी नोंद करत गेलो. यादीत नसलेल्या दोन गोष्टीही टिपल्या. एक, नळाच्या रांगेत घागरींबरोबर चार दगडही होते. कामावर गेलेल्या बायकांच्या जागा त्यांनी धरल्या होत्या. पाणी आल्यावर शेजारणीने त्या घागरी भरल्या आणि दगड बाजूला ठेवून दिले. दुसरी, प्रत्येक दाराच्या आत खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी होती. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळे त्यात. पूर आला की पहिला हात त्या पिशवीला. एवढी शिस्त मी सरकारी कचेरीत पाहिलेली नाही.

दुपारी जेवण तिथेच झाले. ज्वारीची भाकरी, घुटं (उडदाची घोटलेली डाळ) आणि खर्डा (मिरची-लसणाचा ठेचा). जेवताना मी डिपॉझिटचे विचारले. हौसाक्कांनी हात हलवला. "त्ये बघू मागनं. आदी सांगा, वजन किती उचलता?"

सामान फार नाही, मी म्हणालो. एक कपाट, पुस्तके.

"सामानाचं न्हाई इचारलं. मानसाचं इचारलं."

मग त्यांनी सांगितले ते असे. नदी चढली की वस्तीत पाणी आधी शिरते आणि मदत नंतर येते. तोवर जायला एकच जागा, समाजमंदिराची गच्ची. चालता न येणारी माणसे वस्तीत नऊ आहेत. प्रत्येकाला कुणी न्यायचे हे ठरलेले आहे. माणूस घराला लावून दिलेला असतो, घरात राहणाऱ्याला नाही. राहणारा बदलला तरी वाटा बदलत नाही. या खोलीच्या वाट्याला शेजारचे तात्या आले होते. आधीचा भाडेकरू दस्तगीर हमाल होता. त्याने दोन पुरांत तात्यांना गच्चीवर नेले. आता तो पुण्याला गेला आणि खोली चार महिने रिकामी होती.

"लोक इचारत्यात की खोलीला," त्या म्हणाल्या. "पर तात्याचं नाव काढलं की परत येत न्हाईत."

तात्या दारातच बसलेले होते. बाजारात चाळीस वर्षे हमाली केलेला माणूस. पाठ अजून रुंद, पाय मात्र काडीसारखे. मला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतले.

"पेपरवाले?"

"होतो."

"म्हंजे पेनाच्या वर काय उचललं न्हाई." गल्ली हसली. "माझं वजन अठ्ठेचाळीस. हळदीच्या काट्यावर केलंय, खोटं न्हाई. दस्तगीर मला पोत्यावानी न्यायचा. माझी तक्रार न्हाई. जन्मभर मीबी पोती तशीच नेली."

हौसाक्का म्हणाल्या, "बघू या तर मग."

समाजमंदिराचा जिना बाहेरून आहे. चौदा पायऱ्या, कठडा नाही. दोघांनी तात्यांना माझ्या पाठीवर चढवले. त्यांनी हात माझ्या गळ्याभोवती घेतले आणि कानाशी म्हणाले, "घाई करू नगंस गड्या. आज पानी न्हाई."

पहिल्या तीन पायऱ्या जमल्या. पाचवीवर उजवा गुडघा थरथरला. सहावीवर मी भिंत धरली आणि बसलो. दोन माणसे न बोलावता वर आली आणि त्यांनी तात्यांना माझ्या पाठीवरून उतरवून घेतले.

"सहा," तात्या म्हणाले. "वाईट न्हाई. पानी पाचव्या पायरीवर थांबलं तर आपन दोगंबी वाचलो."

सगळे हसले, मीही हसलो. हौसाक्का हसल्या नाहीत. त्यांनी मला पाणी दिले, बाजूला घेतले.

"राग मानू नगा. तुमच्या बाईसाब हितं ऱ्हायल्या तर आमाला पायजेच हाय. पर खोली देता येत न्हाई."

"शेजारचे कुणी तात्यांना नेणार नाही?"

"त्येंच्या वाट्याला त्येंची मानसं हाईत. पानी चढताना दुसरी फेरी नसती."

मी यादी खिशात घातली. निघताना कोपऱ्यावर एक भांडण सुरू झाले होते, नळाच्या दगडावरून. आवाज मोठे होते, शब्द छापण्यासारखे नव्हते. हौसाक्का मला फळ्यांवरून पलीकडे सोडून सरळ त्या भांडणात शिरल्या.

परतीच्या गाडीत मी यादी काढली. बावीसपैकी एकोणीस उत्तरे वस्तीच्या विरोधात होती. सकाळच्या मनाने बघितले असते तर काम तिथेच संपले असते. पण ताकारी येईपर्यंत मी एकच हिशेब करत होतो, अजून आठ पायऱ्यांचा. जिथे राहायचे नाही म्हणून सांगायला गेलो, तिथे मला नकार मिळाला होता आणि तो मला लागला होता. आमच्या मलकापूरच्या इमारतीत बारा बिऱ्हाडे आहेत. उद्या जिना चढता येईना झाला तर आमच्यापैकी कोण कुणाच्या वाट्याला आहे, हे मला सांगता आले नसते.

घरी सुनंदाने पाणी दिले आणि समोर बसली. मी क्रमाने सगळे सांगितले. गटार, दारू, संडास, दगड, पिशव्या, सहा पायऱ्या. शेवटी सांगितले, "मी नाही म्हणत नाही. ते नाही म्हणतायत."

"पाठीवर घेतलंत?" तिने विचारले. "या गुडघ्यावर?"

"दस्तगीर तसंच नेत होता."

"तो हमाल. आम्ही माणूस खुर्चीत बसवतो, पट्ट्यानं बांधतो आणि दोघं मिळून उचलतो. लिफ्ट बंद पडली की मी किती जणांना असं वर नेलंय, विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घेतली, तिच्यावर गव्हाचे पन्नास किलोचे पोते जुन्या साडीने बांधले आणि इमारतीच्या गच्चीकडे निघालो. ती खाली, मी वर, तोंडे समोरासमोर. "मी सांगीन तेव्हा पाय उचला," एवढेच ती म्हणाली. समोरच्या वहिनी दारात येऊन बघत राहिल्या. आमच्या दारापासून गच्चीपर्यंत अठरा पायऱ्या आहेत. मध्ये दोनदा टेकलो. वर पोचलो.

मी तिथूनच हौसाक्कांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतले आणि फोन शेजारी दिला.

"खुर्चीत?" तात्या म्हणाले. "म्हंजे नवरदेवावानी! लाकडाचीच हाय न्हवं? प्लास्टिकची नगं, पाय वाकडं व्हत्यात तिचं." मग म्हणाले, "आन् बाईसाबास्नी सांगा, म्या बांधून घेतो म्हनून. लाजत न्हाई."

मागून हौसाक्कांचा आवाज आला, "पर आदी उचलून दावा. चौदाच्या चौदा."

पुढच्या रविवारी दाखवल्या.

मेच्या शेवटी टेम्पो आला. कपाट, पुस्तके, भांडी चढली. ती खुर्ची सुनंदाने सगळ्यात शेवटी चढवायला लावली, म्हणजे सांगलीत उतरवताना ती पहिली निघेल.