छोट्या गाडीतून शोधलेली शीव

हे गेले त्या दिवशी गुरुवार होता. मी शाळेत होते. शिपाई वर्गाच्या दाराशी आला आणि म्हणाला, "बाई, घरी चला." मी फळा पुसला आणि त्याच्यामागून निघाले. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. संध्याकाळी माती दिली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि काही पाट्यांखाली जुनी अक्षरं अजून दिसत होती. पावसानं आदल्या वर्षापासूनच ओढ दिली होती. नळ कधी यायचा त्याचा नेम राहिला नाही. गल्लीत टँकर आला की आम्ही सगळ्या हातातलं काम टाकून धावायचो.

माझा थोरला भाऊ नांदेडला होता. माझं माहेर देगलूरकडचं. दिवस झाल्यावर तो म्हणाला, "काय करून राहणार तू इथं एकटी? ना लेकरू, ना बाळ. चल नांदेडला." त्यानं तिकडच्या शाळेतली एक शिक्षिका शोधून ठेवली होती. तिचं सासर लातूरचं, तिला इकडं यायचं होतं. आम्ही दोघींनी अर्ज केला की तिची बदली माझ्या जागी आणि माझी तिच्या जागी झाली असती. उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत मला काय ते सांगायचं होतं. मी "बघते" म्हणाले. दादाला ते आवडलं नाही.

हे कोर्टात कारकून होते. आठवडाभर कागदांत मान घालून बसायचे आणि रविवारी छोट्या गाडीत जाऊन बसायचे. अरुंद रुळांवरची कुर्डुवाडीकडं जाणारी गाडी, तिला सगळे छोटी गाडीच म्हणत. कुठल्या तरी स्टेशनाचं तिकीट काढायचं, तिथं उतरून चहा प्यायचा आणि परतीच्या गाडीनं घरी यायचं. कुणाकडं काम नसायचं, कुणी नातलगही नव्हता. मला नेहमी म्हणायचे, "चल एकदा." रविवारी मला धुणं असायचं, नाही तर वाचायला पुस्तक असायचं. संध्याकाळी ते डोक्यात कोळशाची भुकटी घेऊन परत यायचे. काय पाहिलं विचारलं तर म्हणायचे, "सांगून काय कळणार?"

पुढं घरातला रविवार फार लांब व्हायला लागला. एकदा मी उठले, स्टेशनवर गेले आणि मुरूडच्या पुढच्या एका थांब्याचं तिकीट काढलं. त्या थांब्याचं नाव त्यांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलेलं होतं. दुःख हलकं करायला मी गेले असं म्हणता येणार नाही. एकच माणूस एकच रस्ता पुन्हा पुन्हा का बघतो, हे मला समजून घ्यायचं होतं.

डबा बसक्या छपराचा, बाकं लाकडी. मी खिडकीशी बसले, तेव्हा समोरचा म्हातारा बांगडीवाला म्हणाला, "बाई, वो जगा साहेबांची हाय. कोर्टातल्या."

"मी त्यांच्या घरची," मी म्हणाले.

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. मग बाकावरची बांगड्यांची पेटी उचलून बाकाखाली सरकवली आणि वरून फडकं टाकलं. "बसा, बसा," म्हणाला. त्याला सगळे चाचा म्हणायचे. तो मुरूडच्या आणि पुढच्या बाजारांना जायचा.

गाडी हळू. हरंगुळ गेलं तरी लातूरचा धूर मागं दिसत होता. रानं काळी आणि उलून पडलेली. भेगा इतक्या रुंद की एका भेगेत उतरलेलं कोंबडीचं पिल्लू चढायची धडपड करताना मला गाडीतून दिसलं. कुठं ज्वारीचे खुंट उभे होते. एका बांधावर पळस फुलला होता, त्याला दुष्काळाचं काही कळलेलं नव्हतं. वळणावर गाडी वाकली की आपलंच इंजिन आपल्याला खिडकीतून दिसायचं. कोणतीही गोष्ट नीट बघून होईपर्यंत ती समोरच असायची. मोटारीतून असं कधी होत नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या रविवारीही.

डब्यात एक वाद कायम चालायचा. मुरूड आमच्या नव्या जिल्ह्यात आलं होतं आणि पुढचं ढोकी जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातच राहिलं होतं. मग या रुळांवर जिल्हा नेमका कुठं बदलतो?

"दोन बाभळी लागतात, तिथं," एक जण म्हणायचा.

"बाभळी काय, सगळीकडंच हायत. नाल्याच्या अल्याड लातूर, पल्याड उस्मानाबाद."

"नाला कुठं राह्यला? पाणी न्हाई त्याला नाला म्हणून ऱ्हायलाय तू."

"माझ्या बायकोला तरी मी बायको म्हणतो का नाही? ती बी चार म्हैन्यापासून माहेरी हाय."

चाचा मला म्हणाला, "साहेब तर डोकं बाहेर काढून बसायचे. म्हणायचे, चाचा, मातीचा रंग बदलतो का बघू. मी म्हणालो, माती काय कोर्टाची हाय का, हुकूम निघाला की बदलायला."

मग मीही डोकं बाहेर काढून बसायला लागले.

माझा थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड आणि इंजिनासाठी पाण्याची टाकी. दुष्काळात तिथं एक रीत पडली होती, ती मला चाचानं सांगितली. इंजिनाचं पाणी भरून झालं तरी टाकीच्या सोंडेतून धार काही वेळ चालूच राहायची. जवळच्या गावच्या बायका घागरी घेऊन यायच्या. गाडीला उशीर नको म्हणून उतारू खाली उतरून रांग करायचे, घागरी हातोहात पुढं जायच्या आणि भरून मागं यायच्या. गार्ड तेवढा वेळ पाठ फिरवून बिडी ओढायचा. हे त्या रांगेत शर्ट भिजवून घ्यायचे. घरी येऊन मला कधी बोलले नव्हते.

पण मी जायला लागल्यापासून रांग झालेली मला दिसली नव्हती. पाणी खडीवर सांडायचं. बायका लांब लिंबाखाली रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि गाडी निघाली की परत फिरायच्या.

"येईनात गेल्यात," चाचा म्हणाला. "भांडण झालं का काय, खुदा जाने."

त्या रविवारी मी लिंबाकडं चालत गेले. पुढं एक म्हातारी उभी होती.

"मावशी, पाणी सांडतंय. येत का नाही?"

"आता कसं येणार माय? आमचं गाव लातुरात गेलं. टेसन तिकडच्या जिल्ह्यात राह्यलं. टाकी त्यांची."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? त्यांचा टँकर यायचा, जिल्हा झाला अन् बंद झाला. म्हणले, आता तुमच्या जिल्ह्याचा घ्या. लातूरचा अजून आला न्हाई. मग टाकीचं तरी कसं घ्यावं? उद्या चोरी म्हणतील."

त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटेना. टँकर, रेशन, तलाठी, सगळं जिल्ह्याबरोबर हललं होतं. टाकीचा तेवढा जिल्ह्याशी संबंध नसेल, हे त्यांनी कशावरून ओळखावं?

मी गार्डला विचारलं. तो बिडी पेटवत होता. "बाई, रेल्वेला कुठला आला जिल्हा? टाकी रेल्वेची. अन् मी कुणाला पाणी देत नसतो. ते सांडत असतं."

मी परत जाऊन सांगितलं. म्हातारी जागची हलली नाही. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तू कोण पण? कुठली म्हणायची?"

देगलूर तोंडात आलं होतं. माहेरचं नाव सांगायची सवय असते. पण तिला ते नको होतं. ज्या जिल्ह्यात तिचं गाव गेलं होतं, तिथल्या माणसानं हो म्हणायला पाहिजे होतं.

"लातूरची," मी म्हणाले. "लातूरला शाळेत बाई आहे."

"मंग ठीक," म्हातारी म्हणाली आणि मागं वळली. "चला गं. लातूरच्या बाई घ्या म्हणून राहिल्यात."

डब्यातले लोक उतरले. मी रांगेत चाचा आणि त्या माहेरी गेलेल्या बायकोच्या नवऱ्याच्या मध्ये उभी राहिले. भरलेली घागर अशी हातोहात द्यायची मला सवय नव्हती. पहिलीच कलती झाली आणि अर्धं पाणी माझ्या साडीवर आलं. "बाई, भिजायचं असलं तर टाकीखाली जा की," तो म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. हे गेल्यानंतर माणसांसमोर मी तेव्हाच पहिल्यांदा हसले असेन.

गाडीनं शिट्टी दिली. चाचानं म्हातारीला मी कोण ते सांगितलं असावं, कारण ती माझ्यापाशी आली. "तुझा मालक लई इचारायचा," ती म्हणाली. "ह्ये झाड कशाचं, त्ये रान कुणाचं. शीव दाखव म्हणला हुता. म्या म्हणलं, फुडल्या खेपंला दाखवते." मग तिनं हात लांब करून रुळांच्या पलीकडं दाखवलं. "त्यो बघ, दगड."

बांधावर अर्धा पुरलेला एक दगड होता. त्याच्यावर शेळी उभी होती. दोन्ही बाजूंची माती सारखीच काळी आणि भेगाळलेली. मी गाडी निघेपर्यंत बघत राहिले. यांना हे दाखवता आलं असतं तर ते काय म्हणाले असते, याचा विचार केला. नीट सुचलं नाही. बहुधा शेळी कुणाची, असं विचारलं असतं.

सुट्टी संपत आली तेव्हा दादा आला. चहा घेता घेता म्हणाला, "त्या बाईचं दोनदा विचारणं आलं. काय सांगू?"

"दुसरं कुणी बघायला सांग. मी इथंच राहते."

"इथं काय हाय गं तुझं? प्यायला पाणी न्हाई."

"टँकर येतो."

"अन् रांगेत उभी राहशील?"

"राहते की."

त्यानं कप खाली ठेवला. "भावजींनीच तुला बिघडवलं," म्हणाला. आवाजात राग होता, पण जाताना त्यानं अंगणातला रांजण हलवून पाहिला आणि कोपऱ्यावर आलेल्या टँकरचं दोन बादल्या पाणी आणून त्यात ओतलं. त्या शिक्षिकेला पुढच्या वर्षी अहमदपूरकडं कुणाची तरी जागा मिळाली. तेवढं एक वर्ष तिला माझ्यामुळं थांबावं लागलं. तिची माझी कधी भेट झाली नाही.

मी रविवारी जात राहिले, कधी येडशीपर्यंत, जिथं गाडी डोंगरात शिरते. जे बघायची ते मी कुणाला सांगत नसे.

आता ती गाडी नाही. अरुंद रूळ उचलून नेले आणि रुंद टाकले. नव्या गाड्या त्या थांब्यावर थांबत नाहीत, टाकीही पाडली. चाचा गेला, दादाही गेला. मी लातूरला आहे.