फुटक्या करंज्यांचा डबा

नाताळाच्या फराळाची यादी मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करते. लग्न होऊन कळमनुरीला आले, तेव्हापासूनची ही सवय. दिवाळीत ज्या घरांतून आमच्याकडे ताट येतं, त्या घरांना नाताळात आमचं ताट जातं. कुणाकडे किती माणसं, कुणाला गोड वर्ज्य, कुणाचं ताट अजून आमच्याकडेच पडलंय, सगळं वहीत असतं. कडा नीट मिटलेल्या अख्ख्या करंज्या ताटांसाठी. तेलात तोंड उघडलेल्या, सारण सांडलेल्या करंज्या वेगळ्या पत्र्याच्या डब्यात. तो डबा माझा. मला तो कुणी दिला नव्हता. पहिल्या वर्षी मीच तो जवळ ओढला, दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी तो माझा धरला आणि तिसऱ्या वर्षी मला त्याचा अभिमान वाटू लागला.

मग धाकटी जाऊ आली. हिंगोली जिल्हा नुकताच परभणीपासून वेगळा झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. पहिल्याच नाताळात तिने दुसऱ्या घाण्यातली सगळ्यात देखणी करंजी उचलली, फुंकर घातली आणि उभ्या उभ्या खाल्ली. अजून एकही ताट बाहेर गेलं नव्हतं.

"ताई, सारण लई मस्त जमलंय."

सासूबाई रागावतील म्हणून मी वाट पाहिली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अजून एक घे."

त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघत राहिले. भूक लागली की ती जेवून घ्यायची, सगळ्यांचं होईपर्यंत थांबायची नाही. रविवारी चर्चहून आलं की दुपारी तासभर झोपायची. साडी छान आहे असं कुणी म्हटलं, की मी "कुठली, जुनीच तर आहे" म्हणायचे, ती म्हणायची, "मलाबी लई आवडली." महिलांच्या सभेत मी मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायचे, एकही नाव न विसरता. ती सरळ स्वतःसाठी मागायची: प्रभू, माझी पाठ दुखते, मला बरं कर. आणि आठवड्याने तिची पाठ बरी! मला वाटायचं, ही देवाची लाडकी लेक आणि मी देवाची कामवाली. हा विचार भांडी घासताना यायचा, वही लिहिताना यायचा, गाणं म्हणतानाही यायचा.

दोन वर्षांनी ती बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. तेराव्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ घागर ठेवली. म्हटलं, "माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी बाराव्या दिवशी हापशावर गेले होते. तुला एक दिवस जास्त दिलाय."

ती उठायला लागली. सासूबाईंनी घागर माझ्या हातात परत दिली. "ती न्हाई उठायची. चाळीस दिवस." मग त्या तिच्या डोक्याला तेल लावायला बसल्या. मी हापशावर गेले आणि घागर भरून वाहायला लागली तरी दांडा मारत राहिले. माझ्या डोक्याला या घरात कुणी तेल लावलं नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. भाकर कापणं, मनुका उकळून रस करणं, छोटे ग्लास मोजून भरणं हे काम माझं. ऑक्टोबरात पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, की मनात कुणा भावाबहिणीबद्दल अढी असेल तर आधी ती सोडवा, मग पुढे या. हे वाक्य मी दहा वर्षं ऐकत होते. त्या दिवशी पाय उचललाच नाही. धाकटीच्या लेकराला सांभाळायच्या निमित्ताने मी मागे बसून राहिले. नोव्हेंबरात खोकल्याचं निमित्त. डिसेंबरातही तेच. नाताळाच्या सकाळीही प्रभुभोजन असतं, तेव्हा मात्र सगळी मंडळी हजर असते आणि चर्चची घंटा वाजवायला नवरा समोरच उभा असतो. तेव्हा बसून राहिले तर काय सांगायचं? आणि पुढे गेले तर देवाला काय सांगायचं?

नाताळाच्या तीन दिवस आधी करंज्या होत्या. यादीत तेवीस ताटं. मी तळत होते, सासूबाई लाटत होत्या, धाकटी सारण भरत होती. दुपारी तिने हात धुतले. "ताई, मी जराशी पडते. रात्रभर पोरगं रडलं."

"पडा, राणीसाहेब," मी म्हटलं. "आम्ही काय, दगडाचे."

ती दारातून परत आली. "ताई, तुमी प्रभुभोजन घेऊन न्हाई राहिल्या. माझ्यावरूनच ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोण कशाला सांगल? मोजून भरता तुमी. ग्लास धुते मी. तीन महिने झाले, एक ग्लास भरलेला परत येऊन राहिला."

झारा हातात तसाच राहिला. तेलात एक करंजी फुटली. मग माझं तोंड सुटलं. तुला तेल, मला काय? तुला चाळीस दिवस, मला बारा. या घरात मला कुणी...

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "तुला बाराव्या दिवशी कुणी उठवलं गं?"

मी फुटलेली करंजी काढून माझ्या डब्यात टाकली.

"मी म्हटलं, पडून राहा. तू काय म्हणालीस? आत्याबाई, मला काही होत न्हाई. तेलाची वाटी घेऊन आले तर म्हणालीस, माझं मी लावते, तुमी पोरीला बघा. दोनदा आले मी. तिसऱ्यांदा कोण येतंय?"

वाटी मला आठवली. पितळेची होती. ती परत पाठवताना किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं.

धाकटीने माझ्या डब्यात पाहिलं. "शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा म्हणतात. तुमी आपल्या सोताला हे फुटकं घालता. मंग उद्या शेजाऱ्याला काय घालसाल?"

सासूबाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. घातलं होतं. तिच्या खाटेजवळ घागर ठेवली होती. स्वतःला जे दिलं तेच मी तिला द्यायला गेले होते. ती आज्ञा मी तंतोतंत पाळली होती. मी स्वतःशी इतकी निष्ठुर होते, की माझ्याजवळ आलेल्या बाईला दुसरं काही मिळण्याची सोयच नव्हती. आणि तिने ते घेतलं नाही, याचाच मला राग होता.

"घागर ठेवली ते चुकलं माझं," मी म्हटलं. यादीत नसलेलं वाक्य होतं, नीट जमलं नाही.

"चुकलंच," ती म्हणाली. "आता मी झोपू का?"

"झोप."

ती गेल्यावर मी परातीतून एक अख्खी करंजी घेतली. चोरी केल्यासारखं वाटलं. सासूबाई लाटत राहिल्या, वर पाहिलं नाही. सारणात खसखस थोडी जास्त भाजली गेली होती. इतक्या वर्षांत असं काही मला कधी कळलंच नव्हतं, कारण माझ्या करंज्यांतलं सारण तेलातच सांडलेलं असायचं. संध्याकाळी वहीत तेविसाव्या ओळीखाली लिहिलं: घरी, मी, पाच.

नाताळाच्या सकाळी धाकटीने मोरपंखी साडी नेसली होती आणि ती माझ्या साडीपेक्षा चांगली दिसत होती. मंडळीतल्या दोघी-तिघींनी तिला तसं सांगितलं. मला ते टोचलं, नेहमीच्याच जागी. पण पाळकसाहेबांनी बोलावलं तेव्हा मी लेकरू सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि उठले. रांगेत ती माझ्या पुढे होती. तिने मागे वळून मला पुढे जायची खूण केली. एरवी मी "न्हाई, तूच हो पुढं" म्हटलं असतं. त्या दिवशी मी तिच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि माझा ग्लास उचलला.