सोळाचे आठ चॅनेल

नजीर मन्यार जळगावच्या एका बॅटरी कारखान्यात बारा वर्षं तपासणीच्या टेबलावर होता. मल्टिमीटरने एकेका बॅटरीचा व्होल्टेज मोजायचा, हेच त्याचं काम. १९९३ साली तिथे कॉम्प्युटर आला. त्यात बसवलेलं कार्ड एका दमात सोळा बॅटऱ्या मोजणार होतं. नजीरचा मल्टिमीटर कपाटात गेला.

दुसऱ्याच आठवड्यात बॅटऱ्या धडाधड नापास होऊ लागल्या. शालिग्राम इंजिनियरने ठपका ठेवला तो बॅटऱ्यांचं जोडकाम करणाऱ्या सुंदरबाईवर. पिंप्राळ्याहून पायी येणाऱ्या त्या बाईला भरदुपारी गेटबाहेर काढलं. जाताना ती एवढंच म्हणाली, “नजीरभाऊ, मना हात चुकना नही.”

नजीरने मल्टिमीटर काढून नापास माल पुन्हा मोजला. सगळा चोख! मग त्याच्या ध्यानात आलं, शेजारची मोटर सुरू झाली की पडद्यावरचे आकडे डोलतात. सगळ्या बॅटऱ्यांची निगेटिव्ह टोकं अर्थिंगच्या एकाच तारेला बांधली होती, आणि मोटरचा गळका करंटही त्याच तारेतून वाहत होता.

“साहेब, प्रत्येक बॅटरीच्या दोन्ही तारा कार्डापर्यंत वेगळ्या न्यायला हव्यात. मग एका बॅटरीला कार्डावरच्या दोन जागा लागून चॅनेल सोळाचे आठच राहतील, पण आकडा खरा येईल.”

“मालकांना सोळा सांगितलेत,” शालिग्राम म्हणाला. “आणि कॉम्प्युटर काय खोटं बोलतो?”

पोटाचा प्रश्न होता. तीन आठवडे त्याने कळ काढली. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी वॉचमनला सांगून आत शिरला. माहितीपुस्तिकेतली इंग्रजी अक्षरं लावत त्याने कार्डावरचे जंपर, म्हणजे जोडणी ठरवणाऱ्या छोट्या खुंट्या, बदलले, तारा जोडीजोडीने ओढल्या, प्रोग्राममध्ये सोळाचे आठ केले. मोटर चालू केली. आकडे ढिम्म हलले नाहीत.

सोमवारी माल पास होऊ लागला आणि मालकांनी शालिग्रामची पाठ थोपटली. विनापरवाना यंत्र उघडलं म्हणून नजीरला मेमो मिळाला. त्याने सही केली आणि शालिग्रामला विचारलं, “मग सुंदरबाईला बोलवायचं ना?”

“तिच्या जागी दुसरी लागली. जुनं उकरू नकोस.”

संध्याकाळी तो पिंप्राळ्याला गेला. दोष कार्डाच्या जोडणीत होता, तुझ्या हातात नव्हता, असं त्याने तिला सांगितलं. सुंदरबाई भाकरी थापायची थांबली. तो ठपका ऐकून तिला दुसऱ्या दोन कारखान्यांनी दारातूनच परतवलं होतं.

“हाई बठ्ठासले कोन सांगी, भाऊ?”

हे सगळ्यांना सांगायला नजीर कुठेच गेला नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत तो त्याच कारखान्यात राबला, पण पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही.