चहात बुडवलेली नोटीस

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला दिवसभर पुरेसं काम नसतं, हे माझं पहिल्यापासूनचं मत. ते अजून बदललेलं नाही. तुमच्या या ग्रुपवरचे अनुभव माझा जावई मला मोठ्यानं वाचून दाखवतो. कोणाला घाटात बाई दिसली, कोणाच्या मागं पैंजण वाजले... त्या बाईला उद्योग नाही आणि बघणाऱ्यालाही नाही. माझं वय सत्तरीच्या पुढं, शाळा चौथीपर्यंत. स्मशानाच्या कडेनं सरपण आणलंय, माळावर एकटी झोपलेय. मला कधी कोणी भेटलं नाही. तेव्हा मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. माझ्यासमोर जे झालं ते लिहिते, आणि ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. घर गावाच्या पूर्वेला, शेवटचं. घरापासून दोन शेतं ओलांडली की संस्थेची विहीर. घरात माणसं तीन – मी, माझी एकुलती एक मुलगी कमल आणि तिचा नवरा दत्ता. दत्ता घरजावई. समोर मी त्याला अहो-जाहो करते, कारण जावई पडला. लिहिताना करणार नाही, हात दुखतो. हे टाईप तोच करणार आहे. करू दे.

दत्ता पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्याच्या हातचं. अक्षर छापल्यासारखं, हे मीही मान्य करते. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले. दुसऱ्या माणसानं दुसरं काम शोधलं असतं. यानं काय शोधलं? भुताचे सिनेमे. तेही बघण्यासाठी नाही. सिनेमात जे कागद दिसतात ना – मेलेल्या बाईची चिठ्ठी, हरवलेल्या पोरीची जाहिरात, मांत्रिकाचा यंत्र काढलेला कागद – त्यांच्या हुबेहूब नकला करायच्या. मोबाईलवर सिनेमा थांबवायचा, त्यावर भिंग धरायचं आणि अक्षर न् अक्षर उतरवायचं. मग कागद जुना दिसावा म्हणून परातीत चहाचं पाणी करून त्यात बुडवायचा, दोरीवर चिमटे लावून वाळवायचा, कडा चुलीवर धरून जाळायच्या, वर विटेची भुकटी चोळायची. अशा कागदांच्या त्याच्याकडे चार फायली आहेत. जास्तीचे तो पुण्याकडच्या लोकांना पाठवतो. तिकडे असे कागद जमवणारे शहाणे आहेत म्हणे. खऱ्या कागदाला ज्यांनी कधी विचारलं नसतं, ते खोट्यासाठी जीव टाकतात.

एक मात्र होतं. सिनेमात जे दिसत नाही, ते दत्ता मनानं लिहायचा नाही. अक्षर पुसट असलं तर तो पुसटच काढायचा. "मामी, मनचं टाकलं की ती नक्कल न्हाई, थापेबाजी झाली," असं मला सांगायचा. जसं काही हायकोर्टात बसलाय.

ते वर्ष कोरडं होतं. जनावरं छावणीत, गडीमाणसं ऊसतोडीला कारखान्यावर, गावात म्हातारी माणसं आणि थोड्या बायका. टँकर आठ दिवसांनी यायचा. तोपर्यंत संस्थेच्या विहिरीच्या तळाशी जो झरा पाझरायचा, तोच आधार. एका बाईनं खाली उतरायचं, वाटीनं हंडा भरायचा, वरच्यांनी दोरानं ओढायचा. उतरायची पाळी ठरलेली असायची. आणि अशा दिवसांत हा माणूस परातभर पाण्यात कागदांना आंघोळ घालायचा!

या विहिरीचं आधी सांगायला पाहिजे. अशाच एका मागच्या दुष्काळात इकडं सहकारी संस्थांचं पीक आलं होतं. पाऊस नव्हता, पण संस्था उगवत होत्या. आमच्याकडे पाण्याची संस्था निघाली आणि अध्यक्ष केला कमलचा बाप. कावून? तर तो कोणाला नाही म्हणायचा नाही. असा अध्यक्ष सगळ्यांनाच हवा असतो. त्याला लिहिता येत नव्हतं. अंगठा उठवणारा अध्यक्ष म्हणून तालुक्याला साहेब हसला, म्हणून मी त्याला पाटीवर सही शिकवली. अक्षरं त्याची उड्या मारायची. मी म्हटलं, आधी वरची रेघ मारा, मग दोरीवर धुणं घालतात तसं एकेक अक्षर तिला लटकवा. तो तसंच करायचा. पण रेघ कुठं थांबवायची हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. अक्षरं संपायची आणि रेघ पुढं दोन बोटं मोकळीच पळायची. अशी सही मी दुसऱ्या कोणाची बघितली नाही.

विहीर खोदली. बांधकाम निम्म्यापर्यंत झालं, खाली नुसता मुरूम. मग एक दिवस ठेकेदार काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन घरी आला. चहा मीच केला होता. मी आतून म्हटलं, "आधी विहिरीवर जाऊन बघून या, मग सही करा."

कमलचा बाप म्हणाला, "माणूस दारात आलाय, चहा प्यालाय. आता न्हाई कसं म्हणावं?"

आणि रेघ मारली, दोन बोटं जास्त.

पुढं संस्था बुडाली. तिचं दप्तर साहेब लोक घेऊन गेले. कमलचा बापही गेला. घरात मागं उरलं काय, तर संस्थेचा गोल रबरी शिक्का, पॅड आणि भिंतीवरचा फोटो. दत्ता आमच्या घरी आला तो त्यानंतर सहा वर्षांनी. त्यानं सासऱ्याला बघितलेलं नाही आणि त्याची सहीही बघितलेली नाही.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. दत्तानं एका सिनेमातली नोटीस करायला घेतली. सिनेमा नेहमीचाच, विहिरीत मेलेली बाई. साडी पांढरी, केस मोकळे. मेल्यावर बायकांना कंगवा कोणी देत नाही वाटतं. तर त्या विहिरीवर एक नोटीस लावलेली दिसते, दोन सेकंद: 'या विहिरीत कोणीही उतरू नये. आदेशावरून.' खाली गोल शिक्का आणि सही. शिक्क्यातली अक्षरं सिनेमात वाचता येत नाहीत.

"मामी, तो संस्थेचा शिक्का द्या की. झिजलेला हाय, एकदम तसाच उठंल."

"घ्या जावईबापू," मी म्हटलं. "अख्ख्या संस्थेचा तेवढाच एक उपयोग व्हायचा राहिला होता."

पॅड दगडासारखा वाळला होता. त्यानं त्यावर पाणी शिंपडलं – त्याबद्दलही मी बोलले – आणि शिक्का उठवला. सहीची जागा मोकळी सोडली.

"सही कावून न्हाई केली?" कमलनं विचारलं.

"सिनेमात नुसता फराटा दिसतो. परत बघावं लागंल. मनचं टाकायचं न्हाई."

"एवढं माझ्याकडं बघितलं असतं तर बरं झालं असतं," कमल म्हणाली. तिची जीभ माझ्यावर गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दत्ता कुरिअर करायला गेवराईला गेला. जाताना मला सांगून गेला, की दुपारी ऊन उतरलं की नोटीस चहातून काढा आणि दोरीवर घाला. मी, त्याची सासू, त्याचे कागद वाळत घालणार! पण परात मला हवी होती, म्हणून काढली. तीनच्या सुमाराला ओसरीतल्या दोरीवर दोन चिमट्यांत अडकवली. पाणी गळत होतं, म्हणून खाली वाटी ठेवली. त्या पाण्यानं निदान भांडं तरी घासता आलं असतं. आणि मी तिथंच, दारात, तूर निवडत बसले. ओसरीला दार एकच. त्यात मी. कमल आधीच हंडा घेऊन विहिरीवर गेली होती, त्या दिवशी उतरायची पाळी तिची होती.

अर्धं सूप निवडून झालं नसेल, शेजारची पारू पळत आली.

"काकू, चला बरं लवकर! विहिरीवर नोटीस लागलीय. शिक्का हाय, सही हाय. बाया भांडायल्यात, कोणी उतरंना!"

मी मागं वळून बघितलं. दोरीवर दोन चिमटे होते, दोन्ही मिटलेले. कागद नव्हता. खालच्या वाटीत चहाचं पाणी होतं.

मला राग आला. भीती नाही, राग. म्हटलं, हा दत्ता गेवराईला गेलाच नाही, मागच्या बाजूनं येऊन त्यानं तमाशा केलाय. सूप तिथंच टाकलं आणि निघाले. विहिरीवर सहा-सात बायका. कप्पीच्या लोखंडी खांबाला, नटबोल्टाच्या मागं, कागद खोचलेला. आमच्या लोकांचं हे असं. गोल शिक्का दिसला की हात जोडून उभे. विहिरीत पाणी असताना कोणी संस्थेला विचारलं नाही, आणि आता शिक्का बघून घशाला कोरड पडली तरी चालेल.

"अगं बायांनो, सिनेमाचा कागद हाय तो!" मी लांबूनच ओरडले. "आमच्या जावयाचे धंदे. कमल, तू बी का ह्यांच्यात येडी झालीस? उतर!"

हे मी म्हटलं. 'उतर.' तुम्ही हे वाचताना विसरू नका, मीही विसरलेले नाही.

कमल म्हणाली, "उतरते की, मी कुठं भेलेय." तिनं पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. मी नोटीस फाडायला खांबाकडे गेले.

कागद ओला होता. मार्चमधलं तसलं ऊन, दोन शेतं लांबची वाट, आणि कागदाच्या टोकातून खालच्या दगडावर चहाचे थेंब पडत होते. खाली सही होती. निळ्या शाईची. ओल्या कागदावर शाई फुटते, पसरते. ही जरासुद्धा पसरलेली नव्हती. उड्या मारणारी अक्षरं रेघेला लटकलेली, आणि शेवटच्या अक्षराच्या पुढं रेघ मोकळी. दोन बोटं. मी बोटं ठेवून बघितली.

मग मी काय केलं ते मला पारूनं नंतर सांगितलं. मी म्हणे कमलची वेणी धरली आणि बैलाला ओढतात तशी तिला वर ओढली. ती ओरडली, "आई, सोड! येडी झालीस का? आत्ता उतर म्हणलीस ना?"

"न्हाई," मी म्हटलं. "कोणीच उतरायचं न्हाई."

"मग पाणी?" पारू म्हणाली. "तुमच्या जावयाच्या खेळापायी लेकरं तहानलेली ठेवायची का, काकू?"

तिचंही चूक नव्हतं. आम्ही भांडलो. चांगलं खच्चून भांडलो, मी तिच्या माहेरापर्यंत गेले. पारूनं शेवटी स्वतःचा हंडा उचलला आणि म्हणाली, "तुमी ऱ्हावा उभ्या, मी जाते." तेवढ्यात खालून आवाज आला. मोठा नाही. पोत्यातून धान्य ओतावं तसा. मुरूम सुटला, त्यावरचं बांधकाम एका अंगानं बसलं आणि पायऱ्यांसकट खाली गेलं. धुरळा वर आला. तो बसल्यावर बघितलं तर तळ दिसत नव्हता, झरा दिसत नव्हता, नुसते दगड. पारूच्या हातातला हंडा सुटून कुठं गेला तेही कोणाला कळलं नाही.

कमल खाली बसली आणि माझा पाय धरून राहिली. मी तिला म्हटलं, उठ, लुगडं मळतंय.

दत्ता दिवस मावळायच्या आत आला. दारातच विचारलं, "नोटीस वाळली का?" बायको दगडाखाली जाता जाता राहिलेली, आणि याला नोटीस! कमलनं सगळं सांगितलं तेव्हा मात्र तो भिंतीला टेकून खाली बसला. गेवराईच्या कुरिअरची पावती त्याच्या खिशात होती, त्याच्यासोबत एसटीत गावातली दोन माणसं होती. तरी मी त्याला विचारलं, "सही तुम्ही केली?"

"मामी, तुमच्या लेकीची शपथ घातली तरी सांगतो, न्हाई. मनचं मी टाकत न्हाई, तुमाला म्हाईत हाय." मग मी खांबावरून काढून आणलेल्या नोटिशीतल्या सहीकडे बराच वेळ बघून म्हणाला, "आन् हे मला जमायचं बी न्हाई. हे कुणाची नक्कल करून लिव्हलेलं न्हाई."

आयुष्यभर नकला करणारा माणूस हे म्हणाला, म्हणून मी ते लिहून ठेवते.

वाऱ्यानं कागद उडाला म्हणा. उडू द्या. पण वारा सही करत नाही, आणि त्या दिवशी पानही हलत नव्हतं. गावातल्या लोकांनी त्यांच्या पद्धतीनं उत्तर काढलं. अध्यक्षांचा आत्मा लेकीला वाचवायला आला म्हणे. विहिरीवर त्याचा फोटो लावू, नारळ फोडू, असं ठरवून चौघं जण दारात आले. मी त्यांना हाकलून दिलं. लेकीची एवढी काळजी होती तर तेव्हा चार पावलं चालून बांधकाम बघायचं होतं. चहाचा कप विसळेपर्यंतही दम धरला नाही. नाही म्हणायला ज्याला मरावं लागलं, त्याला मी नारळ फोडणार नाही.

ती नोटीस माझ्या ट्रंकेत आहे. दत्ता मागतो, त्याच्या फायलीसाठी. देत नाही. मला जे माहीत आहे ते एवढंच, की दोरीपासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर काय झालं ते मला माहीत नाही. आज इतक्या वर्षांनीही नाही.

आणि एक. तो शिक्क्याचा पॅड आता वाळत नाही. मी वाळू देत नाही. टँकर आला की हंड्यातले चार थेंब त्यावर टाकते. पाणी वाया घालवणाऱ्यांना मी अजूनही शिव्या देते, आणि तरी टाकते. कावून, ते मला विचारू नका.