आखरावरचा बगीचा

आमच्या गावाचं गावपण राखायचं असं ज्यांनी ठरवलं, त्यांच्यातल्या एकानेही जन्मात कधी गाईचं दावं सोडलेलं नव्हतं. आता मी सत्तरी ओलांडली आहे, माणसाचा राग या वयात निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, तेव्हा फुगत चाललं होतं. आसपास कोळशाच्या खाणी, शहरात लाकडाच्या वखारी, नव्या कचेऱ्या, आणि त्यांतल्या बाबू लोकांना राहायला जागा पुरेना. आमचं गाव परकोटाबाहेर, नाला ओलांडला की लगेच. तिथे प्लॉट पाडून नवी वस्ती करायचं ठरलं आणि आखणीसाठी नागपूरहून एक साहेब आले. साहेब वाईट नव्हते, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट. वाईट असते तर आम्ही सावध राहिलो असतो. त्यांना आमचं गाव मनापासून आवडलं. कवेलूची छपरं, मातीच्या भिंती, कुडावर चढलेले दोडक्याचे वेल, सगळ्याचं त्यांना कोण कौतुक! मारुतीच्या पारावर बसून ते म्हणाले, "नवी वस्ती होईल, पण इथलं गावपण आपण जपायचं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा लग्नाची झाले होते, बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. मीही डोलावली.

मग साहेबांनी गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं आणि विचारलं, "ती जागा कोणाची?"

ती जागा म्हणजे आमचा आखर. सकाळी घरोघरी दावी सुटली की ढोरं आपापली चालत तिथे जमायची, हाकलावी लागत नसत. गावचा गुराखी, त्याला आम्ही गायकी म्हणतो, तो सगळ्यांची ढोरं एकत्र करून जंगलात चारायला न्यायचा आणि दिवस कलताना तिथेच आणून सोडायचा. आखरावर कोणी खुंटा ठोकत नसे, कडबा रचत नसे. आखराला माझा म्हणणाऱ्याच्या घरचं दूध नासतं, असा आमच्याकडे समज होता. एका शेतकऱ्याने कधीतरी आपलं कुंपण हातभर पुढे सरकवलं, तर गाव त्याच्याशी बोलेना, आणि त्याने मुकाट्याने काट्या मागे नेल्या.

तेव्हा साहेबांच्या प्रश्नाला माझ्या वडिलांनी जे उत्तर दिलं, ते आमच्या गावातल्या कुठल्याही भल्या माणसाने दिलं असतं. बाबा मोठ्या अभिमानाने म्हणाले, "कोनाचाच नाई जी, साहेब. आमच्यातला कोनीच त्याले आपला म्हनत नाई."

"वा!" साहेब म्हणाले. "मग प्रश्नच मिटला."

बाबांना वाटलं, साहेबांनी गावाची वाहवा केली. घरी आल्यावर आईला तीनतीनदा तेच सांगत होते.

थंडी सरताना आखराभोवती लोखंडी कठडा उभा राहिला. आत मुरुमाच्या वाटा, गुलमोहराची रोपं, बसायला बाकं. नव्या वस्तीला बगीचा हवा होता आणि कोणाचीच नसलेली जागा आयती मिळाली होती. आमच्या घरांनाही नियम आले. रस्त्याकडून टिन घालायचं नाही, कवेलूच हवेत, कारण ते शोभून दिसतात. मात्र खताचे खड्डे बुजवा, कारण त्यांना वास येतो. आम्ही कसं दिसावं हे ठरलं होतं, आम्ही कसं जगावं याची चौकशी कोणी केली नाही.

ढोरांना कठडा काय कळणार? ती रोज सकाळी जाऊन त्याला नाकं लावून उभी राहायची. नवा चौकीदार त्यांना कोंडवाड्यात घालायचा. बाबा धोतर नेसून, टोपी घालून कचेरीत गेले. "साहेब, तो आमचा आखर हाय. आमची ढोरं कुठी जमवाची?"

साहेबांनी खरोखरच चकित होऊन विचारलं, "पण तुम्हीच तर म्हणालात ना, कोणाचा नाही म्हणून?"

बाबा परत आले आणि ओट्यावर बसले. आईने भाकर वाढली तरी उठले नाहीत. आपल्याच तोंडाने गावाचा घात झाला, हे त्यांच्या मनाने घेतलं ते कायमचं. मला तेव्हाही ते पटलं नाही. घात करणारे कचेरीत पंख्याखाली बसले होते.

गायकीने काही दिवस ढोरं सडकेवर जमवून पाहिली. पण कोळशाचे ट्रक भोंगे वाजवत यायचे आणि कळप बिथरून घरांत, परसांत शिरायचा. शेवटी तो दारोदार येऊन पाया पडला आणि माजरीकडे खाणीत कामाला निघून गेला. गायकी नाही म्हणजे चराई नाही. एकेक घर ढोरं बाजारात नेऊ लागलं. आमची गाय आणि बैलजोडी उन्हाळ्यात गेली. आई त्या दिवशी गोठ्याकडे फिरकली नाही. त्यानंतर सारवायला शेण मिळेना. गोठेच रिकामे, तर शेण कोणाकडे मागायचं? आमच्या जमिनीला भेगा पडल्या आणि आई त्यांवर नुसतं पाणी शिंपडत राहिली.

बगीच्याचं उद्घाटन ठरलं तेव्हा साहेब स्वतः घरी आले. "भाऊ, सजवलेली बैलजोडी आणा. पाहुण्यांना गाव दिसलं पाहिजे."

"गावात बैलच नाई उरले जी," बाबा म्हणाले.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, आम्ही एवढं जपतोय आणि तुम्हीच ढोरं विकून मोकळे होता? असं कसं चालेल?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो साहेबांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं, आणि घातला नाही याची हळहळ आजही वाटते.

दुसऱ्या गावाहून बैलजोडी भाड्याने आली. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. आम्हा गावकऱ्यांना कठड्याच्या आत एका बाजूला उभं केलं होतं. तेवढ्यात एका बैलाने मुरुमाच्या वाटेवर पो टाकला. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. चौकीदाराने आमच्याकडे पाहिलं आणि आईला हात केला. "ओ बाई, उचला ते. लवकर."

बाबा पुढे व्हायला लागले. आईने त्यांना मागे सारलं. सगळ्यांदेखत ती वाकली, दोन्ही हातांनी तिने ते शेण गोळा केलं, वाटेवर इवलंसंही राहू दिलं नाही, आणि भाषणं चालू असतानाच फाटकातून बाहेर पडली. चौकीदाराला वाटलं, ती फेकायला चालली आहे.

मी मागोमाग घरी पोचले तेव्हा ती चुलीपुढे गुडघ्यांवर बसून सारवत होती. चुलीपुढची जमीन झाली आणि शेण संपलं.